नारळ कसा द्यावा : नव्या डायरेक्टरसाठी प्राथमिक धडे

अभिनंदन. तुम्ही डायरेक्टर झालात. एडिसनच्या ओक ट्री रोडवरून पेढे आले, पुण्याला आई-बाबांना व्हिडिओ कॉल झाला, महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्रभर हात जोडलेले आणि फुलं उधळलेली चित्रं येत राहिली. सोमवारी सकाळी वरच्या साहेबांनी बोलावलं, दार लावलं आणि एक तक्ता पुढे सरकवला. त्यात तुमच्या विभागातली सगळी माणसं पगारासह होती आणि तळाशी एक बेरीज होती. ती पुढच्या वर्षी तिसऱ्या हिश्शाने कमी दिसली पाहिजे. कशी, ते साहेब बोलले नाहीत. असल्या गोष्टी साहेब बोलत नसतात. तेवढ्यासाठी तर तुम्हाला डायरेक्टर केलंय.

घाबरायचं कारण नाही. ज्या कामाने तुमची झोप उडाली आहे ते अमेरिकेत तीस वर्षं कायदेशीरपणे, फॉर्म भरून, सह्या-शिक्क्यांसकट चालू आहे. नवशिक्याला फक्त क्रम माहीत नसतो. तो इथे दिला आहे.

पुस्तिका मराठीत का? गोऱ्या साहेबाला तिची गरज नाही, त्याला सल्लागार कंपन्या रंगीत स्लाइडी दाखवून हेच शिकवतात. गरज आहे ती तुम्हाला. तुम्ही १९९९ साली वायटूकेच्या लाटेत, एच-वन-बी व्हिसावर, बॅगेत कुकर आणि थालीपिठाची भाजणी घेऊन नेवार्कला उतरलात. शेजारच्या क्युबिकलमधल्या पन्नाशीच्या माणसाने तुम्हाला मेनफ्रेमच्या खाचाखोचा दाखवल्या आणि दोन-तीन महिन्यांनी तो दिसेनासा झाला. तो कुठे गेला, हे तुम्ही विचारलं नाहीत. नव्या माणसाने असलं काही विचारायचं नसतं. आता तुम्ही नागरिक आहात, नोव्हेंबरात मत देता, शाळेच्या निधीवरून शेजाऱ्याशी भांडता. म्हणजे या पुस्तिकेपुरते तुम्हीच ‘स्थानिक’ झालात, आणि त्या तक्त्यातली सगळ्यात महाग ओळ तुमचीच आहे. पण आधी बाकीच्या ओळी.

धडा पहिला : माणूस काढू नका, काम काढा

नवशिक्याला वाटतं, ‘मी अमेरिकन माणूस काढणार आणि त्याच्या जागी परदेशी माणूस ठेवणार.’ असा विचारसुद्धा करू नका, ईमेलमध्ये लिहिणं तर दूरच. तुम्ही फक्त एका व्हेंडर कंपनीशी कंत्राट करायचं. काम व्हेंडरकडे गेलं की तुमच्याकडच्या खुर्च्या आपोआप ‘अनावश्यक’ ठरतात. तुम्ही कुणा परदेशी माणसाला नोकरी दिली नाहीत. व्हेंडरने कुणा अमेरिकनाला काढलं नाही. साप मेला, काठी मोडली नाही, आणि काठी कुणाच्या हातात होती याची नोंदही कुठे राहिली नाही.

युक्ती जुनी आहे. १९९०च्या इमिग्रेशन कायद्यावर थोरल्या बुशसाहेबांची सही झाली, वर्षाला ६५,००० एच-वन-बी व्हिसांची मर्यादा ठरली, आणि चारच वर्षांत, १९९४ मध्ये, एआयजी या विमा कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रोग्रॅमरांना नारळ मिळून त्यांच्या जागी सिंटेल या कंत्राटदाराची भारतातून आलेली माणसं बसली. २००२ मध्ये फ्लोरिडातल्या लेक मेरी गावी सीमेन्समध्ये हेच झालं. तिथे टाटा कन्सल्टन्सीची माणसं आली ती एल-वन व्हिसावर. हा व्हिसा मुळात कंपनीने आपलाच माणूस आपल्याच दुसऱ्या शाखेत हलवण्यासाठी आहे, म्हणून त्याला ना संख्येची मर्यादा ना किमान पगाराची अट. तेव्हा बोंबाबोंब झाली आणि २००४ मध्ये काँग्रेसने कायदा करून ती खिडकी बरीचशी लावून घेतली. दिंडी दरवाजा मात्र उघडाच राहिला.

तो दरवाजा नीट बघून ठेवा, सगळी करामत तिथे आहे. स्थानिक माणसाला विस्थापित करून त्याच्या जागी एच-वन-बीवाला आणणार नाही, आधी स्थानिक माणूस शोधून पाहीन, अशी शपथ कायद्यात आहे. पण ती सगळ्यांना घ्यावी लागत नाही. ती फक्त ‘व्हिसावर अवलंबून’ कंपन्यांना, म्हणजे मोठ्या कंपनीत शंभरातली पंधरा किंवा जास्त माणसं एच-वन-बीवर असली तर. तुमची कंपनी त्यात बसत नाही, तुम्ही सुटलात. व्हेंडर बसतो. पण १९९८ साली ही शपथ घालतानाच शेजारी पळवाटही बांधून दिली. ज्याला वर्षाला ६०,००० डॉलर किंवा जास्त पगार आहे, किंवा ज्याच्याकडे त्या विषयातली मास्टर्स पदवी आहे, त्याच्यापुरती शपथ माफ. १९९८ मध्ये साठ हजार म्हणजे बरा पगार होता. त्यानंतर घरभाडं वाढलं, दूध वाढलं, कॉलेजच्या फीने तर आभाळ गाठलं. हा आकडा तेवढा जागचा हलला नाही. आज न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात कॉम्प्युटरवाल्याला साठ हजारांहून कमी पगार द्यायचा म्हटलं तर मुद्दाम खटपट करावी लागेल. म्हणजे शपथ शाबूत आणि ती घेणारा कुणीच नाही.

आयोवाचे रिपब्लिकन ग्रासली आणि इलिनॉयचे डेमोक्रॅट डर्बिन हे दोन सिनेटर, एरवी एकमेकांच्या वाऱ्याला न उभे राहणारे, या भोकाला बूच मारण्याचा मसुदा २००७ पासून एकत्र मांडताहेत. मसुद्याला मिसरूड फुटलं, कायदा काही झाला नाही. तेव्हा त्या बाजूने निश्चिंत राहा.

धडा दुसरा : स्वस्त म्हणजे नेमकं किती

‘परदेशी माणसाला स्थानिकांइतकाच पगार द्यावा लागतो,’ असं मंडळाच्या गणेशोत्सवात कुणीतरी छातीठोकपणे सांगतं. त्याला विरोध करू नका, कायद्यात खरोखरच तसं लिहिलंय. आता ते मोजतात कसं ते पाहा.

एका गावात एक काम करणाऱ्या शंभर जणांना पगाराच्या चढत्या क्रमाने ओळीत उभं करा. कामगार खात्याच्या चार पायऱ्या आहेत. पहिली पायरी म्हणजे खालून सतरावा माणूस. दुसरी चौतिसावा. तिसरी पन्नासावा, म्हणजे बरोबर मधला. चौथी सदुसष्टावा. यातल्या कुठल्याही पायरीवरचा पगार कायद्याच्या लेखी ‘प्रचलित वेतन’च. माणूस कितव्या पायरीचा, हे अर्जात मालक लिहितो. खातं अर्ज पूर्ण भरलाय का आणि त्यात ढळढळीत चूक नाही ना, एवढंच पाहतं आणि सात कामकाजी दिवसांत मंजूर करतं. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने २०२० साली हिशेब मांडला तेव्हा दर दहातल्या सहा जागा पहिल्या दोन पायऱ्यांवर निघाल्या. म्हणजे मधल्या माणसाच्या खाली.

आणखी एक अट आहे. मालक त्याच कामासाठी आपल्या इतर माणसांना जो पगार देतो तो याहून जास्त असेल, तर तो द्यायचा. ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असेल, कारण तुमच्याकडे बावीस वर्षं काढलेला माणूस एक लाख तीस हजार घेतोय. पण इथे मालक कोण? व्हेंडर. तुलना होणार ती व्हेंडरच्या इतर मुलांशी, आणि ती सगळी त्याच पायरीवर आहेत. पहिल्या धड्यातलं कंत्राट असं दुसऱ्या धड्यातही कामाला येतं.

एक मात्र मान्य करायला हवं, नाहीतर ही पुस्तिका खोटी ठरेल. याच व्हिसावर येऊन मोठ्या उत्पादन कंपन्यांत, विद्यापीठांत, चिपच्या कारखान्यांत काम करणारे कितीतरी जण शेजारच्या गोऱ्याइतकाच, कधी त्याहून जास्त पगार घेतात, आणि त्यांच्यावाचून ती कामं खरोखर अडतात. तो वेगळा बाजार आहे. साहेबांनी तुमच्या हातात जी पिशवी दिली आहे ती त्या बाजाराची नाही.

धडा तिसरा : सूचना फलक

छोटा धडा. अर्जाची सूचना कामाच्या जागी दोन ठळक ठिकाणी दहा दिवस लावावी लागते. ठळक म्हणजे जिथे किमान वेतनाचे आणि अपघात झाला तर काय करावं याचे कागद पिवळे पडत लटकलेले असतात तिथे. मायक्रोवेव्हपाशी लावली तर उत्तम, तिथे लोक डबा कधी फिरायचा थांबतो याकडे बघत असतात. सूचनेत पदाचं नाव, पगार आणि जागा असते. कुणाच्या खुर्चीवर कोण बसणार हे त्यात लिहिण्याची सोय नाही.

धडा चौथा : केटी

खरी कसोटी इथे आहे, म्हणून हा धडा दोनदा वाचा.

तुमच्या विभागाचं अर्धं ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही. गुरुवारी रात्री कुठला सर्व्हर बंद करायचा नाही, तिमाहीच्या शेवटी फायनान्सच्या बाईंना कुठला रकाना हाताने दुरुस्त करून द्यावा लागतो, २००३ मध्ये कुणीतरी लिहिलेल्या कोडमधली कुठली ओळ कुणालाच कळत नाही पण काढली की पगारपत्रक पडतं, हे सगळं त्या बावीस वर्षंवाल्याच्या डोक्यात आहे. तो उद्या गेला तर परवा तुम्ही जाल. म्हणून त्याने जायच्या आधी आपल्या जागी येणाऱ्याला शिकवून जायचं. यालाच नॉलेज ट्रान्स्फर, आपल्या भाषेत केटी, म्हणतात.

आदर्श पाठ म्हणून डिस्नीचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑरलँडोतल्या सुमारे अडीचशे कॉम्प्युटरवाल्यांना सांगण्यात आलं की त्यांचं काम भारतातल्या एचसीएलकडे जातंय. त्यातल्या एकाने पुढे सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, की काहीतरी चांगली बातमी असेल अशा समजुतीने तो त्या खोलीत गेला होता. हे ध्यानात ठेवा: मीटिंगच्या आमंत्रणात विषय मोघम लिहावा, म्हणजे सगळे वेळेवर येतात. नव्वद दिवस थांबून नव्या माणसाला तयार केलं तर बोनस. पहिले तीस दिवस जुना माणूस काम करतो आणि नवा त्याचं सगळं टिपून घेतो. पुढचे तीस दिवस दोघं शेजारी बसून करतात. शेवटचे तीस दिवस नवा करतो आणि जुना नुसता बघतो.

पैकी मधले तीस दिवस अवघड. पहिल्या टप्प्यात राग ताजा असतो, पण तो बायको, मुलं आणि वकील यांच्यात वाटला जातो. तिसऱ्यात माणूस मनाने गेलेला असतो. मधल्या महिन्यात मात्र दोन माणसं रोज आठ तास एकाच पडद्याकडे बघत बसलेली असतात आणि हळूहळू त्यांची ओळख होते. मुलं किती, कितवीत, आई कशी आहे. अशी ओळख वाढू देऊ नका. दर आठवड्याला जागा बदला, काचेची खोली द्या, आणि कुणाच्या वाढदिवसाचा केक या काळात मुळीच कापू नका.

जुन्या गवयांबद्दल सांगतात, शिष्याला सगळं देऊन शेवटची एक चीज खाँसाहेब पोटात ठेवून घेत. बावीस वर्षंवालाही तेच करेल. त्यावर इलाज रिव्हर्स केटीचा. नव्याने शिकलेलं सगळं जुन्यासमोर म्हणून दाखवायचं आणि जुन्याने तक्त्यात सही करायची, ‘समजले.’ आपली गरज उरलेली नाही हे ज्याने त्याने आपल्याच सहीने कळवायचं, आणि बोनस त्या सहीला बांधायचा. बोनसच्या कागदात कंपनीबद्दल वाईट बोलणार नाही असं कलम घालायला विसरू नका. पुढे वार्ताहर फोन करतात तेव्हा ते फार उपयोगी पडतं.

निषेध होईल, पण तो बहुधा मुका असतो. कनेक्टिकटमधल्या नॉर्थईस्ट युटिलिटीज या वीज कंपनीत लोकांनी आपापल्या क्युबिकलबाहेर छोटे अमेरिकन झेंडे लावले. माणसं जात गेली तसे झेंडे कमी होत गेले. असं कुणी केलं तर झेंडा काढायला सांगू नका, त्याचा फोटो निघेल. तो आपला आपणच जातो.

आता दुसऱ्या खुर्चीकडे वळू, कारण ती तुमच्या ओळखीची आहे. मुलगा सव्वीस-सत्तावीसचा. हिंजवडीतून आलाय, स्टॅम्पिंगला मुंबईच्या वकिलातीत घाम गाळून आलाय, वाकडला टू बीएचके बुक केलाय, त्याचा हप्ता सुरू आहे. इथे चौघांत एक अपार्टमेंट, आळीपाळीने कुकर. त्याला निघताना मॅनेजरने सांगितलेलं असतं की क्लायंटची माणसं ‘दुसऱ्या प्रोजेक्टवर मूव्ह होताहेत’. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याला खरं कळतं. मग संध्याकाळी तो तुमच्या दाराशी उभा राहील. “सर, तुम्ही पुण्याचे ना?” दोन वाक्यांनंतर सरचा दादा होईल. “दादा, ते माझ्याशी इतके चांगले वागतात, मला कसंतरीच होतं. मी आज त्यांना विचारलं, तुम्ही कुठे जाणार, तर ते हसले नुसते.”

काय सांगाल? तुम्ही १९९९ मध्ये स्वतःला जे सांगितलंत तेच सांगा: तू नसतास तर दुसरा कुणी आला असता. हे खरं आहे, त्यामुळे सांगताना आवाज कापत नाही.

हाच मुलगा तुमची खरी बचत आहे, आणि ती साहेबांच्या तक्त्यात दिसत नाही म्हणून इथे सांगतो. त्याचा व्हिसा मालकाच्या नावाला टांगलेला. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर विमान. हे ६० दिवससुद्धा जानेवारी २०१७ च्या नियमाने मिळाले, त्याआधी तेवढीही मुभा नव्हती. व्हिसा तीन अधिक तीन वर्षांचा. पुढे राहायचं तर ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव हवं आणि ती रांग लावणार मालक. नोकरीवर आधारलेल्या कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, आणि एच-वन-बीवाल्यांत दहातले सात भारतीय, म्हणून आपली रांग दशकांत मोजतात. अशा रांगेतला माणूस शनिवारी या म्हटलं तर येतो. पगारवाढीचं पुढच्या वर्षी बघू म्हटलं तर मान हलवतो. युनियन, तक्रार, दुसऱ्या कंपनीची ऑफर यातलं काही तोंडातून काढत नाही. तुमचा स्थानिक माणूस शनिवारी मुलीच्या सॉकर मॅचला जातो. तेव्हा साहेबांना गणित समजावताना सतरावा माणूस आणि चौतिसावा माणूस एवढ्यावर थांबू नका. हे शनिवार धरा.

२०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला मेटाने ११,०००, अ‍ॅमेझॉनने १८,०००, गूगलने १२,००० आणि मायक्रोसॉफ्टने १०,००० जणांच्या कपाती जाहीर केल्या. त्यात व्हिसावर असलेल्यांना घर, शाळा, गाडीचं कर्ज सगळं त्या ६० दिवसांत उरकायचं होतं. योगायोग असा की, मोठी कपात करायची असेल तर स्थानिक कामगारालाही कायद्याने ६० दिवसांचीच पूर्वसूचना आहे. समतेचं एवढं चोख पालन दुसरीकडे क्वचित दिसेल.

धडा पाचवा : बोभाटा झाला तर

होऊ शकतो, पण बहुतेक वेळा निभावतं. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीने २०१४-१५ मध्ये सुमारे चारशे जणांना नारळ दिला आणि काम इन्फोसिस व टीसीएसकडे सोपवलं. सिनेटमध्ये सुनावणी झाली, कामगार खात्याने चौकशी केली. निष्पन्न काय, तर नियमभंग नाही. आणि तो नव्हताच. ज्याने पहिला धडा नीट गिरवला त्याच्या हातून नियम मोडत नाही. डिस्नीवरचे दोन दावे ऑक्टोबर २०१६ मध्ये फेडरल न्यायालयाने फेटाळले. कॅलिफोर्नियात तर सान फ्रान्सिस्कोच्या सरकारी विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेने, यूसीएसएफने, २०१६च्या जुलैत एचसीएलशी पाच वर्षांचं कंत्राट जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०१७ अखेर ४९ कायम कर्मचारी घरी गेले. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला जमलं, तर तुम्हाला का नाही?

दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, लागोपाठ दोनदा करू नका. डिस्नीची ऑरलँडोची बातमी जून २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली, आणि त्याच महिन्यात त्यांच्याच टीव्ही विभागात ठरलेली तीसपस्तीस जणांची कपात गुपचूप मागे घ्यावी लागली. दोन, राष्ट्राध्यक्ष टीव्ही बघतात हे लक्षात ठेवा. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी वीज संस्थेने कॉम्प्युटरचं काम बाहेर द्यायचं ठरवलं तेव्हा त्याविरुद्ध एका संघटनेने टीव्हीवर जाहिरात केली. ती बघून ऑगस्ट २०२० मध्ये ट्रम्पसाहेबांनी थेट संस्थेच्या अध्यक्षालाच घरी पाठवलं. काही दिवसांतच निर्णय फिरला. ज्यांना नारळ मिळायचा होता ते जागेवर राहिले आणि ज्याने तो द्यायचा ठरवला त्याच्याच हातात तो आला. असं उदाहरण हे एवढंच, पण आहे.

परिशिष्ट : स्थानिक माणूस न सापडण्याची कला

मुलगा चार-पाच वर्षं टिकला, कामाला वाघ निघाला, तर त्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज करावा लागेल. तिथे मात्र दाखवावं लागतं की या कामाला लायक स्थानिक माणूस मिळत नाही. मिळत नाही म्हणजे मिळता कामा नये. नियमाने रविवारच्या छापील वर्तमानपत्रात दोन जाहिराती द्याव्या लागतात. ज्यांना कोड लिहिता येतं ते रविवारचा छापील पेपर नोकरीसाठी चाळत नाहीत, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसावं. किंवा असावं.

त्यापुढची पायरी अर्ज पोस्टाने मागवण्याची. ज्या कंपन्यांनी जगाला कागद सोडायला लावला त्यांनीच या जागांसाठी कागद मागवला. अमेरिकी न्याय खात्याने फेसबुकवर २०२० मध्ये याच कारणासाठी दावा लावला. २०२१ मध्ये सव्वाचौदा दशलक्ष डॉलरपर्यंतची तडजोड झाली. अ‍ॅपलने २०२३ मध्ये २५ दशलक्षांवर मिटवलं. म्हणजे या कलेला आता किंमत मोजावी लागते, पण त्या कंपन्यांच्या ताळेबंदात ती शोधायला भिंग लागेल. सगळ्यात मोठी चूक मात्र २००७ मध्ये पिट्सबर्गच्या एका वकिली कचेरीने केली. लायक आणि इच्छुक अमेरिकन माणूस न सापडणं हेच आपलं उद्दिष्ट, असं त्यांच्या वकिलाने परिसंवादात मोकळेपणाने समजावलं आणि त्याचं चित्रीकरण कचेरीनेच इंटरनेटवर ठेवलं. ही पुस्तिका कपाटात का ठेवायची ते यावरून कळेल.

नेहमीच्या शंका

*आता नव्या व्हिसाला एक लाख डॉलर भरावे लागतात म्हणे. मग हे सगळं संपलं ना?*

१९ सप्टेंबर २०२५च्या घोषणेने देशाबाहेरून नव्याने येणाऱ्यासाठी तेवढी रक्कम लावली खरी. पण मुलगा येण्यापेक्षा काम जाणं नेहमीच स्वस्त होतं. केटी पडद्यावरून होते. मधल्या तीस दिवसांची ती ओळख वाढण्याची भानगडही त्यामुळे टळते. बाणेर आणि खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहताहेत त्या उगाच नाहीत. शनिवार मात्र तिकडे आणखी लांबतो, कारण तुमची सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ.

*माझ्या जागी कोण येईल?*

तुम्ही ज्याला आत्ता ‘दादा’ म्हणू दिलंत त्याला विचारा. त्याच्या लॅपटॉपवर तक्ता असेल.

*हीच पुस्तिका भारतात वापरता येईल का?*

येईल, आणि वापरली जातेय. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातल्या आपल्या माणसांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर, कमी करण्याचं जाहीर केलं; त्यात रोख मधल्या आणि वरच्या फळीवर होता. १९९९ मध्ये जी मुलं तुमच्याबरोबर विमानात होती आणि परत गेली, ती आज त्याच फळीत आहेत. वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंटच्या कामावर, असलं पाहिजे आणि बेंचवर, म्हणजे कामाविना, ३५ पेक्षा जास्त दिवस काढता येणार नाहीत, असा टीसीएसचा नियम त्या घोषणेआधीच आला होता. तिथे पहिले तीन धडे गाळा, व्हिसाचा प्रश्नच नाही. चौथा जसाच्या तसा चालतो, फक्त शिकायला बसणारा परदेशी नसतो, बावीस वर्षांचा असतो, किंवा अलीकडे एखादं सॉफ्टवेअर असतं. आणखी एक बदल करावा लागतो. कपातीचा कायदा ज्याला काढलं त्याला लागू होतो, ज्याने राजीनामा दिला त्याला नाही. म्हणून पुण्यात नारळ देत नाहीत, तो मागितल्याचा अर्ज लिहून घेतात, असं तिथल्या आयटी कामगारांच्या संघटना वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. अर्जाचा नमुना एचआरकडे तयार असतो. तारीख तेवढी आपल्या हाताने घालायची.